जांभ्या चिऱ्याचा पेट्रोल पंप, १:३२ मध्ये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचा संगमेश्वरच्या अलीकडे, मुंबई-गोवा रस्त्याला लागून पेट्रोल पंप होता. घरात त्याचा १९६५ च्या सुमाराचा एकच काळा-पांढरा फोटो आहे. त्या पंपाचं हुबेहूब छोटं मॉडेल दोन फूट बाय दोन फुटांच्या पाटावर उभं करायचंय. स्केल कोणतं घ्यावं (१:३२ म्हणजे मूळच्या बत्तिसाव्या भागाइतकं), परदेशी किट मागवावं का, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या, भिंती आणि कौलं कशी करावीत, आणि फोटोत दाराला टेकवून ठेवलेली ती लांब पट्टी कसली?

पट्टीचं शेवटी सांगतो. आधी किटचं, कारण त्यात पैसे जायचे आहेत. मागवू नका. जुना पंप म्हणून जी किटं मिळतात ती बहुतेक अमेरिकन असतात: पांढऱ्या इनॅमलच्या पत्र्याची चौकोनी इमारत, सपाट छप्पर, दर्शनी बाजूला मोठ्या काचा, शेजारी गाड्या वर उचलायच्या दोन-तीन खोल्या. हे रूप १९३० च्या दशकात वॉल्टर डॉर्विन टीग या डिझायनरने टेक्साको कंपनीसाठी ठरवलं आणि पुढे सगळ्यांनीच थोड्याफार फरकाने उचललं. तुमच्या फोटोत आहे चिऱ्याचं घर, मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि अंगणात उघड्यावर उभा एकच पंप. त्या किटमधून तुमच्या कामाला येतील ते फार तर दोन टायर आणि एक जॅक.

मी एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली. मॉडेलं करायचा नाद त्याच्याही आधीचा. पेट्रोल पंप आजवर तीन केले. पहिला २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आमच्या माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं आणि मॉडेल होतं खाली, कपाटात. माउंटबोर्डच्या भिंतींची अक्षरशः पेज झाली होती. त्याच कपाटात सनबोर्डची, म्हणजे पीव्हीसी फोमच्या पाट्याची, एक होडी होती. नळाखाली धुतली, गाळ गेला, आजही शाबूत आहे. तेव्हापासून भिंतीला पुठ्ठा वापरत नाही. पूर दरवर्षी येत नाही हे खरं, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच अशी असते की पुठ्ठा न भिजताही वाकतो.

आधी तारीख ठरवा

स्केलच्याही आधी साल आणि महिना ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद भिंतीला चिकटवा. 'जुना पंप' असं काही नसतं. असतो तो अमुक सालच्या अमुक महिन्यातला पंप. पुढचे निम्मे प्रश्न त्या एका ओळीने सुटतात.

१९६५ धरलंत तर पाटी बर्मा-शेलची. भारत पेट्रोलियम हे नाव १९७७ चं, हिंदुस्तान पेट्रोलियम १९७४ चं. एस्सो आणि कॅल्टेक्स या तेलकंपन्या तेव्हा आपापल्या नावाने रस्त्यावर होत्या. बर्मा-शेलच्या पाटीवरची शिंपली नेटवरून उतरवून घेताना जपा. आज दिसते ती सुबक, मोजक्या रेषांची शिंपली रेमंड लोवीने १९७१ मध्ये केली. त्याआधीची जास्त रेघांची असे आणि तिच्यावर आडवं नाव असे. ही चूक मी स्वतः केली आहे. पंपाच्या तबकडीवर लिटर हवेत, कारण १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने रुळली होती. १९५५ चा पंप करत असतात तर गॅलन लिहावे लागले असते, तेही ४.५४६ लिटरचे ब्रिटिश.

गाड्यांचंही तसंच. अँबेसेडर चालेल. फियाट चालेल, पण तिला पद्मिनी म्हणू नका, ते नाव सत्तरच्या दशकातलं. खाजगी गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पांढरी. 'एमएच-०८' मुळीच नको, ती पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. एका ओळखीच्या गृहस्थांनी १९६८ चा पंप फार सुंदर केला होता आणि पाटीवर लिहिलं होतं 'कणकवली, जि. सिंधुदुर्ग'. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. बघणाऱ्यांतल्या एका शाळकरी मुलीने ते दाखवून दिलं.

आता महिना. मे घेतलात तर सगळ्यावर तांबडी धूळ, आकाश पांढरं, रंग विटलेले. ऑगस्ट घेतलात तर पश्चिमेच्या भिंतीला माडाची झापं बांधलेली, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, शेवाळ, खड्ड्यांत लाल पाणी. दोन्ही एकत्र दिसणार नाहीत. नवशिक्याने मे घ्यावा, कारण पाणी दाखवणं हे वेगळंच शास्त्र आहे. तरीही तुमच्या फोटोत पडवीच्या कडेला झापं दिसतात म्हणता, तर फोटोचं ऐका. मी ऑक्टोबरची सुरुवात धरीन: झापं अजून उतरवलेली नाहीत, जमीन मात्र सुकली आहे.

स्केल आणि मापं

तुमच्या पाटाची बाजू ६१० मिलिमीटर. १:४३ मध्ये त्यात सुमारे ८६ फूट जागा बसते, १:३२ मध्ये ६४ फूट. १:४३ चा फायदा म्हणजे तयार धातूच्या गाड्या चांगल्या मिळतात. मी तरी १:३२ घेईन. चिरा आणि कौल ही दोनच गोष्टी तुमच्या पंपाला कोकणातला ठरवणार आहेत आणि १:४३ मध्ये त्या फार बारीक होतात. अख्खा आवार बसवायच्या मागे लागू नका. घर, पंप, रस्त्याची एक कड आणि थोडा गडगा, इतकंच.

फोटोवरून मापं काढायला चिऱ्यासारखी पट्टी नाही. आपला चिरा साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद, ७ इंच उंच. खाणीगणिक इंच-अर्धा इंच इकडे तिकडे. दर्ज्याची, म्हणजे दोन थरांमधल्या सांध्याची, जाडी धरून एक थर साडेसात इंचाचा. भिंतीचे थर मोजा. सोळा थर म्हणजे दहा फूट उंची. मग त्याच भिंतीच्या पातळीतली दार-खिडकी त्या हिशेबात काढा. पुढे उभा असलेला पंप या पट्टीने मोजू नका, तो कॅमेऱ्याच्या जवळ असल्याने मोठा दिसतो. त्याच्या शेजारी २०० लिटरचं पिंप असेल तर ते धरा: उंची सुमारे ८८ सेंटिमीटर, व्यास ५८.

आणि घरातल्या जुन्या ट्रंका उघडा. पेट्रोल साठवायचा परवाना विस्फोटक खात्याकडून मिळतो आणि त्याला जागेचा नकाशा जोडलेला असतो: टाकी कुठे, पंप कुठे, कुंपण किती अंतरावर. नागपूरच्या कचेरीचा शिक्का असलेली निळी घडी सापडली तर फोटोत न दिसणारी मागची बाजू तुम्हाला फुकट मिळाली.

चिरा

इथे वेळ घालवा. खरा जांभा कापून छोटे चिरे करायचा मोह होतो, मीही केला. पाच-सहा मिलिमीटरला तो भुगा होतो, आणि टिकला तरी त्याची भोकं या स्केलला गुहेसारखी दिसतात.

सनबोर्ड पाच मिलिमीटरचा घ्या, टणक सालीचा. भिंत कापली की वरची साल १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा. आत बारीक छिद्रांचा गाभा दिसेल. तो जांभ्याच्या इतका जवळ जातो की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिला विशेष वाटलं नाही. मग चिऱ्याची आखणी: लांबी ११ मिलिमीटर, उंची साडेपाच, सांधे खालच्या थराच्या मध्यावर. आखायला बंद पडलेलं बॉलपेन घ्या. कटरने सांधा धारदार होतो, जांभ्याची कड कधीच धारदार नसते. नंतर पितळी ब्रशने हलक्या हाताने टिपत जा आणि दर आठ-दहा चिऱ्यांमागे एखाद्याला सुईने दोन खोल भोकं पाडा. कोपऱ्यावर भिंती ४५ अंशांत जोडाव्या लागतात, नाहीतर चिरा कोपऱ्यात वळलेला दिसत नाही.

रंगाचं म्हणाल तर जांभा विटेसारखा लाल नसतो. शंभरातले नव्वद जण तिथे चुकतात. ताज्या चिऱ्यात पिवळा, नारिंगी, जांभळट आणि मधेच पांढुरका असतो. जुना होत जातो तसा तो काळवंडतो. आधी सगळ्या भिंतीला फिक्या मातकट पिवळ्याचा हात द्या. मग एकेक चिरा वेगवेगळा, तीन-चार मिश्रणांनी, ओळीने नव्हे तर विस्कळीत. वर गेरूचं अगदी पातळ पाणी. शेवटी काळपट हिरवा, तोही सगळीकडे नाही. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून शेवाळाचा काळेपणा दक्षिण-पश्चिम अंगाला चढतो आणि उत्तर-पूर्वेची भिंत त्या मानाने स्वच्छ राहते. पाटावर उत्तर कुठे आहे हे पेन्सिलीने लिहून ठेवा.

भिंतीच्या तळाशी जमिनीपासून दीड फूट, म्हणजे १४ मिलिमीटरपर्यंत, लाल शिंतोड्यांचा पट्टा येतो. टूथब्रश लाल पाण्यात बुडवून अंगठ्याने उडवा. वरचा भाग कागदाने झाका, पण कागदाची कड सरळ नको, हाताने फाडलेली हवी. पट्टा जिथे पावळीचं, म्हणजे छपराच्या कडेचं, पाणी पडतं तिथेच उठून दिसतो. पडवीच्या आतल्या भिंतीला तो नसतोच.

खऱ्या मातीचाही उपयोग आहे, फक्त रंग म्हणून. घराजवळची लाल माती वाळवून, खलात कुटून, जुन्या धोतराच्या कापडातून दोनदा गाळा. पीठ झालं पाहिजे. ती कोरडीच ब्रशने घासा. कारखान्यात कुठल्याच डबीत तो रंग भरत नाहीत. समुद्राची वाळू मात्र आणू नका. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जमीन पावसाळाभर ओलसर राहते.

कौलं

मंगलोरी कौल सुमारे १६ इंच लांब आणि साडेनऊ इंच रुंद, पण चढवल्यावर उघडं दिसतं ते सव्वा फुटाच्या आत. १:३२ मध्ये म्हणजे रुंदी सात मिलिमीटर आणि दिसणारी लांबी दहा. एका कौलाला दोन पन्हळी. मोबाइलचा चार्जर किंवा तत्सम वस्तू येते त्या पातळ खोक्याचा एक पदर ओला करून सोलला की आत नालीदार कागद असतो. त्याच्या नाळ्या साधारण साडेतीन मिलिमीटरवर असतात. दोन नाळ्या झाल्या की एक कौल. हिशेब इतका चपखल बसतो की ते खोकं याच कामासाठी केलंय असं वाटावं.

पट्ट्या चौदा मिलिमीटर रुंद कापा, वरची पट्टी खालचीवर चार मिलिमीटर चढवत खालून वर या. प्रत्येक पट्टीच्या खालच्या काठाला दर सात मिलिमीटरवर कात्रीने बारीक छेद द्या, म्हणजे कौलं सुटी दिसतात. पुठ्ठा वापरत नाही असं वर म्हटलं आणि इथे कागदच सांगतोय. त्याला तोड म्हणजे चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. पट्ट्या त्यात बुडवून, वाळवून मग लावा. दुसऱ्या पंपाची कौलं अशीच केली होती, अजून एकही उचकटलेली नाही.

छप्पर पट्टीने आखल्यासारखं सरळ ठेवू नका. वासे थोडे झुकतात, आढं मध्ये मिलिमीटरभर बसलेलं असतं. चार-पाच कौलं नवी, तांबूस ठेवा, दरवर्षी पावसाआधी छप्पर चाळताना फुटकी बदलतात ती. दोन कौलं माकडांनी सरकवलेली. आणि एक काचेचं. ते पातळ पारदर्शक प्लास्टिकचं करा, आणि त्याच्या बरोबर खाली ऑफिसच्या टेबलावर एखादं पावतीपुस्तक ठेवा. कोणी वाकून पाहिलं तर दिसेल.

पंप

उंची दोन मीटर, रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ४५ धरली तर तुमच्या हातात येतो ६२ बाय १९ बाय १४ मिलिमीटरचा ठोकळा. मी तो लाकडाचा करतो. सावंतवाडीच्या चितारआळीत खेळणी करतात तसलं हलकं लाकूड, पांगारा मिळाला तर उत्तम. सनबोर्डच्या गोल केलेल्या कडा पत्र्यासारख्या गुळगुळीत होत नाहीत, लाकडाच्या होतात. सीलर, घासणं, पुन्हा सीलर, असं तीनदा. मग लाल-पिवळा.

तबकडी ११ मिलिमीटरची, कागदावर छापून. तिच्यावर काच म्हणून पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब, कडेपर्यंत आपोआप पसरू द्यायचा. नळी अनेकांची जाड होते, सलाइनची वापरतात आणि पंपाला अजगर लटकल्यासारखा दिसतो. खरी नळी तीनेक सेंटिमीटर जाड, म्हणून इथे एक मिलिमीटर. एकपदरी काळी वायर घ्या. आतली तार राहू द्या, हवा तो बाक टिकतो. बाक मात्र जड असू द्या, रबर स्वतःच्या वजनाने लोंबतं. नोझल पितळी तारेचं. फोटोत पंपाच्या बाजूला दांडा दिसतोय म्हणजे तो हाताने मारायचा पंप आहे. तेव्हा विजेच्या खांबाचा प्रश्न मिटला, आणि मॉडेलात दिवे लावायचाही. तसंही या स्केलला तीन मिलिमीटरचा एलईडी म्हणजे जवळजवळ चार इंचांचा गोळा.

पंपाशेजारी हवेतच अशा दोन गोष्टी, दोन्ही लोक विसरतात. टाकीचा श्वास, म्हणजे व्हेंट पाइप: चार मीटर उंच, टोकाला जाळी, भिंतीला कड्यांनी धरलेला. इथे तो साडेबारा सेंटिमीटर येतो आणि छपराच्याही वर डोकावतो. दुसरी, वाळूच्या लाल बादल्या, गोल बुडाच्या, खुंटीला टांगलेल्या. बूड गोल अशासाठी की ती जमिनीवर ठेवता येऊ नये आणि कोणी घरच्या कामाला नेऊ नये. पिंपासाठी पॉवर बँकेतला १८ मिलिमीटर व्यासाचा सेल घेऊन त्यावर कागद गुंडाळा. सेल नंतर काढून घ्या. रॉकेलचे चौकोनी डबे दोन-चार असू द्यात. डबा रिकामा झाला की त्याला लाकडी दांडी ठोकून पाणी भरायला वापरत, तसा एक विहिरीच्या वाटेवर ठेवा. घासलेट हा शब्द 'गॅसलाइट'वरून आला आणि रॉकेल 'रॉक ऑइल'वरून, हे जाता जाता.

पाट्यांची अक्षरं संगणकाच्या फाँटची नकोत. पेंटरच्या हाताची हवीत, मराठी वळणाची, पाकळीचा ल असलेली. मोठी लिहून, फोटो काढून, लहान करून छापा. माणसं दोनच पुरेत. १:३२ मध्ये साडेपाच फुटांचा माणूस ५२ मिलिमीटर होतो. चेहरा जमत नसेल तर पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला अर्धा तास नुसतं बघा. ब्रश कसा धरतात ते सांगून कळत नाही.

हवेशी भांडण

स्प्रेचा रंग पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत लॅकरवर पांढरट धुरकटपणा येतो, तो पुसून जात नाही. मारायचाच तर दुपारी, कोरड्या दिवशी. फेव्हिक्विक दमट हवेत पटकन धरतं पण कडेने पांढरी बुरशीसारखी पूड सोडतं, म्हणून काचेजवळ ते वापरू नका. फेव्हिकॉलला जुलैत दुप्पट वेळ द्या. झालेलं मॉडेल काचेच्या पेटीत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र त्या पेटीत कधीच नकोत. झुरळं जातात हे खरं, पण त्या वाफेने पॉलिस्टायरीनचं प्लास्टिक मऊ पडतं. माझ्या एका ट्रकचं केबिन असंच बसलं.

आता ती पट्टी. ती काठी नाही, डिप रॉड आहे. जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल किती उरलं ते मोजायची, खुणा केलेली. सकाळी पंप उघडायच्या आधी टाकीच्या तोंडातून ती सरळ खाली सोडायची, वर काढायची, ओल कुठपर्यंत आली ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. टेकवून ठेवलेली आहे म्हणजे फोटो बहुधा सकाळचा. सावल्या त्याप्रमाणे जुळतात का तेवढं पाहून घ्या. पाऊण मिलिमीटरची पितळी पट्टी घ्या, खुणा धारदार सुईने ओढा आणि त्यांत काळा रंग भरून पुसा. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलंय का ते पाहायला तिच्या टोकाला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. आपण ऑक्टोबरची सुरुवात धरली आहे. तेव्हा खालच्या टोकाला दोन मिलिमीटर पेस्टचा डाग द्या, आणि त्याच्या वर बोटभर ओल, चमकत्या व्हार्निशची.